‘ढ’चा शिक्का आणि वर्गातले मूल

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत डोईफोडिया येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



शंभर वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या वाचनालयाने आपल्या व्याख्यानमालेतील एक पुष्प शहरातल्या सभागृहात न गुंफता बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यातील या गावी गुंफावे, यात मोठे औचित्य आहे. ग्रंथ वाचकाकडे गेला पाहिजे, ही ग्रंथालय चळवळीची जुनी शिकवण. आज ग्रंथांबरोबर श्रोतेही इथवर आले, याचा मला आनंद वाटतो.

‘डोईफोडिया’ हे नाव मराठी कानावर पडले की त्यात ‘डोई’ आणि ‘फोडणे’ हे दोन शब्द ऐकू येतात, आणि ज्याने हे गाव पाहिलेले नाही तो गावकऱ्यांच्या स्वभावाविषयी मनातल्या मनात काही एक ठरवून मोकळा होतो. येथे यावे, ओसरीवर टेकावे, पुढे आलेला चहा घ्यावा, की ती समजूत आपोआप गळून पडते. नावावरून गावाची पारख करणे हसण्यावारी नेता येते, कारण त्याने गावाचे काही बिघडत नाही. परंतु आडनावावरून, वस्तीवरून, बोलीवरून वर्गातल्या मुलाची पारख केली, तर त्या मुलाचे फार काही बिघडते. पुष्कळदा ते आयुष्यभर बिघडलेलेच राहते. आजचा माझा विषय तोच आहे.

मराठीत अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलासाठी एक अक्षरी शब्द आहे: ‘ढ’. या शब्दाचा उगम परंपरेने असा सांगितला जातो की, ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंतच्या प्रवासात बहुतेक अक्षरांची वळणे पार बदलून गेली, ‘ढ’ मात्र जसा होता जवळजवळ तसाच राहिला. सम्राट अशोकाच्या लेखांतील ‘ढ’ आजही आपल्याला ओळखू येतो. वर्षानुवर्षे शाळेत येऊनही ज्याच्यात फरक पडत नाही, तो ‘ढ’. व्युत्पत्ती म्हणून ही कल्पना चतुर आहे, परंतु तिच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला आहे. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली वस्तू आहे आणि ती बदलत नाही, हा तो सिद्धान्त. ‘खाण तशी माती’ ही म्हण त्याचीच बहीण, आणि ‘पालथ्या घड्यावर पाणी’ हा त्याच कुळातला वाक्प्रचार. शिक्षणाविषयीचा एवढा निराशावाद आपण बोलता बोलता मुलांच्या हवाली करीत असतो.

या विषयात तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली म्हणजे मनोधारणा: बुद्धी वाढते की वाढत नाही, याविषयी शिक्षकाच्या, पालकाच्या आणि स्वतः मुलाच्या मनात घर करून बसलेली समजूत. दुसरी म्हणजे साचा: एका समूहातील सर्व माणसे एकाच मुशीतून ओतली आहेत असे मानणे. ‘मुलींना गणित जमत नाही’, ‘मजुरांच्या पोरांना अभ्यासाची गोडी नसते’, ‘आदिवासी मूल लाजाळूच’, ही त्याची नित्याची उदाहरणे. तिसरी म्हणजे पूर्वग्रह: त्या साच्याप्रमाणे समोरच्या व्यक्तीशी प्रत्यक्ष वागणे, आणि बहुधा ते आपल्या लक्षातही न येणे. वर्गात या तिन्ही गोष्टी एकमेकींना पोसतात. साचा शिक्षकाच्या डोक्यात असतो, पूर्वग्रह त्याच्या हातून घडतो, आणि मनोधारणा शेवटी मुलाच्या ठायी मुक्कामाला येते.

हे घडते कसे? १९६४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत रॉबर्ट रोझेंथाल हे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिका यांनी एक प्रयोग आरंभला. सर्व मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगितले की, चाचणीवरून ही मुले येत्या वर्षात विशेष प्रगती करतील असे दिसते. वास्तविक ती नावे, वर्गातील सुमारे एकपंचमांश मुलांची, केवळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेली होती. वर्षअखेरीस पुन्हा चाचणी झाली, तेव्हा पहिली-दुसरीच्या वर्गांतील ही ‘होतकरू’ ठरवलेली मुले इतरांपेक्षा ठळकपणे पुढे गेलेली आढळली. १९६८ साली हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, त्यावर पुष्कळ वाद झाला आणि नंतरच्या अभ्यासांनी त्याचा अतिरेकी अर्थ बाजूला सारला. शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम सर्वसाधारणपणे लहान असतो, शिक्षकाचे अंदाज पुष्कळदा बरोबरही असतात, हे आज मान्य झाले आहे. परंतु त्याच अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या मुलांच्या समूहाकडे समाज आधीच कमी लेखून पाहतो, त्यांच्यावर हा परिणाम अधिक होतो. ज्याच्या डोक्यावर छत्री आहे त्याला रिमझिम जाणवत नाही. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही तो तिच्यानेच भिजतो.

अपेक्षा ही काही मंत्राने मुलापर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचते अगदी साध्या कृतींतून. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली आणि १९७० च्या दशकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर उत्तरे लांबतात, अधिक विचारपूर्वक येतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. याच सुमाराच्या निरीक्षणांतून हेही दिसले की, हुशार समजल्या जाणाऱ्या मुलासाठी शिक्षक अधिक वेळ थांबतात, आणि कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलाकडून लगेच दुसऱ्याकडे वळतात. ‘याला येणार नाही’ हे शिक्षकाने तोंडाने म्हणावे लागत नाही. नजर दुसऱ्या बाकाकडे वळते, तेवढ्यात ते म्हणून होते. मागचा बाक, फळा पुसण्याचे व पाणी भरण्याचे काम नेहमी ठराविक मुलांकडे जाणे, अवघड प्रश्न ठराविक चौघांनाच विचारणे, एकाची चूक ‘घाईत झाली’ आणि दुसऱ्याची तीच चूक ‘त्याची अक्कलच तेवढी’ असे मानणे, हीच अपेक्षेची भाषा होय. मुले ही भाषा पाठ्यपुस्तकाच्या भाषेपेक्षा लवकर शिकतात.

आपल्या महाराष्ट्रीय समाजाला हे सांगण्यासाठी परदेशीय प्रयोगांची वास्तविक गरज नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शालेय जीवन आपल्यासमोर आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या तरटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्यावाचून ते मिळत नसे. पुढे मुंबईत हायस्कुलात संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा असतानाही ते त्यांना घेऊ दिले गेले नाही, आणि पर्शियन घ्यावे लागले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, आणि नंतर त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृतचे ज्ञान मिळवले. हे उदाहरण आपण नेहमी विद्यार्थ्याच्या जिद्दीचा दाखला म्हणून सांगतो. आज ते मी वर्गाचा दाखला म्हणून सांगतो आहे. एवढ्या असामान्य बुद्धिमत्तेचा मुलगा समोर बसलेला असताना तो शाळेच्या दृष्टीला दिसू शकला नाही, इतका तो साचा जाड होता. मग सामान्य बुद्धीच्या, सामान्य जिद्दीच्या किती मुलांना त्या साच्याने गिळले असेल, याची नोंद कुठल्याच हजेरीपटात सापडणार नाही.

दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलीकडून तत्कालीन समाजाला अक्षरओळखीचीही अपेक्षा नव्हती, तिच्याकडून तिच्या शिक्षकांनी विचाराची अपेक्षा केली, आणि चौदा वर्षांच्या त्या मुलीने धर्म, सत्ता आणि विद्या यांविषयी प्रौढांना निरुत्तर करणारे लेखन केले. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी असे प्रतिपादन केले की, प्राथमिक शाळांत शेतकरी वर्गातून आलेले प्रशिक्षित शिक्षक असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा व इच्छा जाणतील. शिक्षकाने मुलाच्या घराची वाट ओळखली पाहिजे, हे तत्त्व त्यांनी जवळजवळ दीड शतकापूर्वी सांगितले.

अर्थात, शिक्षक आपल्यातला असला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणेही भोळेपणाचे ठरेल. रेमा हॅना आणि ली लिंडेन या संशोधकांनी भारतात केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, वय इत्यादी माहिती चिठ्ठ्या टाकून ठरवून लिहिली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ‘खालच्या’ जातीचे नाव लागलेल्या उत्तरपत्रिकेला त्याच दर्जाच्या दुसऱ्या उत्तरपत्रिकेपेक्षा किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता. परंतु विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, हा फरक प्रामुख्याने स्वतः त्याच समूहांतून आलेल्या परीक्षकांच्या तपासणीत दिसला. पूर्वग्रह हा केवळ ‘त्यांचा’ दोष नसतो. ज्याला तो सोसावा लागला त्याच्याही मनात तो बिऱ्हाड करून राहतो. याच अभ्यासात आणखी एक आशादायक धागा होता. हा भेदभाव गठ्ठ्यातील सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांत अधिक होता. प्रत्यक्ष लेखन डोळ्यांखालून जाऊ लागले, तसा शिक्क्याचा आधार घेण्याची गरज कमी झाली. मूल जितके अधिक दिसते, तितका साचा पातळ होतो.

आणि हा शिक्का स्वतः मुलाच्या मनावर काय करतो? कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. चक्रव्यूहासारख्या आकृतीतून वाट काढायची, आणि जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळायचे. मुलांची ओळख जाहीर केलेली नसताना सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. नंतर दुसऱ्या गटांत प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडील-आजोबांची नावे आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. तेवढ्याने दलित मुलांची कामगिरी खाली आली. कोडे तेच, बक्षीस तेच आणि बुद्धीही तीच होती. बदलली ती केवळ हवा. ‘आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते’ हे आठवून दिले, एवढेच घडले. जात विचारून मग गणित विचारणारा वर्ग मुलाचे गणित तपासत नसतो. तो मुलाची भीती तपासत असतो.

मित्रहो, आता आपण आपल्या परिसराकडे वळू. या सीमाभागात साचा बहुधा भाषेचे रूप घेऊन येतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बुऱ्हाणपूरचा प्रदेश मध्य प्रदेशात राहिला, आणि येथील मराठी माणूस भाषिक अल्पसंख्याक झाला. त्याचे मूल हिंदी वर्गात जाते, तेव्हा काय होते ते येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. मराठीत ‘आवाज’ पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. मराठीत मजा ‘येते’, हिंदीत मजा ‘आता है’. मूल घरच्या व्याकरणाने सरळपणे ‘मजा आयी’ म्हणते आणि वर्ग हसतो. ते मूल व्याकरणात कच्चे नाही. त्याच्याजवळ एक व्याकरण अधिक आहे, आणि दोहोंची सरमिसळ झाली आहे.

याच्या उलट चित्र सीमेपलीकडे पाहावे. रावेरकडच्या खेड्यातले मूल मराठीच्या तासाला ‘पानी’ म्हणाले, तर ते अशुद्ध ठरते, त्याला ‘पाणी’ म्हणायला लावले जाते, आणि ‘न’ व ‘ण’ यांच्यावरून त्याच्या घराची, जातीची, संस्काराची अटकळ बांधली जाते. तेच मूल काही कोसांवर बुऱ्हाणपुरात येऊन ‘पानी’ म्हणाले, तर ते शुद्ध हिंदी होते. उच्चार तोच आणि जीभही तीच. शुद्धाशुद्धता त्या मुलाच्या जिभेवर नव्हती, ती ऐकणाऱ्याच्या कानात होती. प्रमाण भाषा शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. ती शिकवलीच पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढची दारे उघडत नाहीत. परंतु ‘घरची भाषा चूक आहे’ असे सांगून शिकवणे वेगळे, आणि ‘घरची भाषा घरी ठेव, येथे आणखी एक शीक’ असे म्हणून शिकवणे वेगळे.

आणि आता त्या मुलाविषयी बोलले पाहिजे, जे या साऱ्या वादात गप्प बसलेले असते. खकनारच्या परिसरात, पलीकडे धारणी-मेळघाटात, खंडवा-बैतूलकडे कोरकू समाज राहतो. कोरकू मुलाविषयी वर्गात ऐकू येणारे मत ठराविक आहे: हे मूल बोलत नाही, म्हणजे त्याला समजत नाही. वस्तुतः कोरकू ही हिंदी-मराठीच्या कुळातली भाषाच नाही. ती मुंडा कुळातील, संथाली आणि मुंडारीची नातेवाईक, आणि त्या कुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा आहे. ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणजे ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थच ‘माणसे’. या भाषेत सजीवांसाठी एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन अशी तीन वचने आहेत. आपली मुले आठवी-नववीत संस्कृतचे द्विवचन घोकताना घामाघूम होतात, ते द्विवचन कोरकू मूल शाळेत येण्यापूर्वीच अंगणात खेळता खेळता वापरीत असते. तिच्यात शब्दांची विभागणी पुल्लिंगी-स्त्रीलिंगी अशी नसून सजीव-निर्जीव अशी आहे. मग खुर्ची ‘ती’ का आणि पलंग ‘तो’ का, हे त्या मुलाला उमगले नाही, तर त्यात बुद्धिमांद्य कोठून आले? त्याच्या भाषेच्या तर्काने पाहिले तर तोच प्रश्न शहाणपणाचा आहे.

असे मूल प्रश्न ऐकते, तो मनात आपल्या भाषेत नेते, तेथे उत्तर शोधते आणि ते परक्या भाषेत परत आणते. या प्रवासाला एक सेकंद पुरत नाही. तेवढ्यात गुरुजींची नजर पुढच्या बाकावर गेलेली असते. असे शंभर वेळा झाले की मूल उत्तर शोधण्याचे सोडून देते. मग ते खरोखरच मागे पडते, आणि आपण म्हणतो, ‘पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?’ शिक्का मारणाऱ्याला आपल्या शिक्क्याचा पुरावा मिळतो. रोजगारासाठी घर हंगामी स्थलांतर करते, तेव्हा त्यातच हजेरीची तूट मिळते. शाळा सुटण्याचे कारण नोंदवहीत ‘अनास्था’ असे लिहिले जाते.

येथे आपणा मराठी भाषकांवर एक विशेष जबाबदारी येते. संविधानाच्या ३५०-अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्यास राज्यांना सांगितले आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या या तरतुदीचा आधार आपण मराठीसाठी अभिमानाने घेतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शक्यतो मातृभाषेतून शिकवण्याचे तत्त्व स्वीकारले, वर्गातील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. हे सारे जितके मराठी मुलाचे आहे, तितकेच कोरकू, बारेली आणि उर्दू बोलणाऱ्या मुलाचे आहे. हिंदी वर्गात हसे झालेल्या मराठी मुलाने मोठेपणी कोरकू मुलाच्या मराठीला हसावे, यापरते दैवदुर्विलसित नाही. ज्याने काटा सोसला त्याला काट्याची जागा ठाऊक असते. ती दुसऱ्याला दाखवणे हेच त्याचे काम.

हे काम होऊ शकते, याचाही पुरावा आपल्याजवळ आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. वारली मुले शाळेत येत नाहीत, त्यांना शिक्षणाची गोडी नाही, असा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता. या दोघींनी समज तपासून पाहिला. मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखीत होती. तेव्हा त्यांनी शाळा कुरणावर नेली, आणि तिला नाव दिले ‘कुरणशाळा’. धाकटी भावंडे सांभाळावी लागतात म्हणून मोठी मुले अडकतात, हे पाहून अंगणवाडी आणि पाळणाघर यांची जोड दिली. झाडाची पाने, दगड, बिया यांतून गणित शिकवले. ‘गोडी नाही’ हा निष्कर्ष मुलांविषयीचा नव्हता. तो शाळेच्या वेळेविषयीचा, जागेविषयीचा आणि भाषेविषयीचा होता. शिक्षकाने मुलाबद्दलचे आपले मत बाजूला ठेवून मुलाच्या दिवसाकडे पाहिले, तर असे निष्कर्ष उलटतात.

पालकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. ढ म्हणणे जसे घातक, तसे उठल्यासुटल्या ‘किती हुशार गं माझी बाय’ म्हणणेही निर्धोक नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या मुलांची ‘हुशार’ म्हणून स्तुती केली त्यांनी पुढे सोपी कामे पसंत केली आणि अपयश येताच त्यांचा हुरूप गेला. ज्यांच्या मेहनतीची स्तुती केली ती अवघड कामाला भिडली. ‘हुशार’ हाही एक शिक्काच आहे, फक्त सोनेरी. तो जाईल या भीतीने मूल धडपडत नाही. म्हणून स्तुती करायची ती केलेल्या कामाची: कोणती युक्ती लढवली, कोठे अडले, कसे सुटले.

परंतु केवळ मुलाला ‘तू प्रयत्न कर, बुद्धी वाढते’ असे सांगून भागत नाही. २०१९ साली डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा उपदेशाचा लाभ मागे पडलेल्या मुलांना झाला, पण तो थोडा होता, आणि जेथे वर्गसोबत्यांचे वातावरण अनुकूल होते तेथेच तो टिकला. बी चांगले असून पुरत नाही, वाफसाही लागतो. शिक्का पुसायचा तो मुलाच्या कपाळावरून नव्हे, तर वर्गाच्या हातातून काढून घ्यायचा. एरवी आपण गरीब मुलालाच सांगू की तुझी मनोधारणा चुकीची म्हणून तू मागे, आणि शाळा पुन्हा नामानिराळी राहील.

मग प्रत्यक्ष करायचे काय? शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजावेत. महिन्यातून एकदा हजेरीपट समोर घेऊन, कोणत्या मुलाला आपण या महिन्यात एकही प्रश्न विचारला नाही, ते पाहावे. त्या नावांत एखादी वस्ती, एखादी जात, एखादी भाषा पुन्हा पुन्हा येते का, हे तपासावे. उत्तरपत्रिका नाव झाकून तपासाव्यात. बाकांच्या जागा फिरत्या ठेवाव्यात. कोरकू मुलांकडून रोज त्यांच्या भाषेतील दोन शब्द वर्गाने शिकावेत, म्हणजे दिवसातून काही क्षण तरी गुरुजी विद्यार्थी होतील आणि ते मूल गुरू होईल. यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही.

आणि वाचनालयाने? शाळेत मूल परीक्षेसाठी वाचते, तर वाचनालयात ते स्वतःसाठी वाचते. येथे पहिला बाक नाही आणि मागचा बाक नाही, नापास कोणी होत नाही. शिक्का न लागलेले असे एक ठिकाण प्रत्येक मुलाच्या आयुष्यात असावे. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने माझी विश्वस्तांना आणि आश्रयदात्यांना नम्र विनंती आहे की, ग्रंथपेटी शहराबाहेर पडावी आणि ती खकनारच्या गावांतून नियमित फिरावी. तिच्यात मराठीबरोबर हिंदी पुस्तके असावीत. कोरकू आजी-आजोबांच्या तोंडच्या गोष्टी देवनागरीत लिहून घेऊन त्यांची हस्तलिखिते तिच्यात ठेवावीत. आपल्या आजीची गोष्ट वाचनालयाच्या पुठ्ठ्यात बांधलेली पाहणाऱ्या मुलाला ‘तुझी भाषा ही भाषा आहे’ हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी मराठीसाठी जे केले, तेच आज शेजारच्या भाषेसाठी करावयाचे आहे.

या सीमेवर एक शब्द दोन अर्थांनी नांदतो. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. वर्गात बसलेल्या ज्या मुलाला आपण आधीच ओळखून चुकलो आहोत असे आपल्याला वाटते, त्याच्या वाट्याला यांपैकी कोणता अर्थ यावा, हे शब्दकोश ठरवीत नाही. ते आपण ठरवतो.